काळोखाचा सातबारा

सावंतवाडीहून कुडाळकडे निघालं की वाटेत आकेरी लागतं. रामेश्वराच्या जुन्या देवळाचं गाव. पण अलीकडे तिथे थांबणाऱ्या गाड्यांतली बरीच माणसं देवळाची वाट विचारत नाहीत, 'नाईकांचा वाडा' विचारतात. वाडा सापडला की फोटो सुरू होतात. कुणी अण्णा नाईकांसारखे डोळे वटारतो, बायका हसतात, पोरं परसात डोकावून येतात. भर दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना, ही माणसं रात्रीची भीती बघायला आलेली असतात आणि तासाभरात मालवणात माशांच्या ताटावर बसलेली असतात.

ज्या मालिकेमुळे हे झालं ती 'रात्रीस खेळ चाले' २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर सुरू झाली, रात्री साडेदहाला. सुरू झाल्या झाल्या दोन तट पडले. कोकणाची बदनामी चालली आहे, आमच्याकडे घराघरांत करणीच करतात असं जगाला वाटेल, पोरं घाबरतात, बंद करा ही मालिका, असं एका तटाचं म्हणणं. जादूटोणाविरोधी कायदा होऊन तेव्हा दोनेक वर्षंच झाली होती, त्यामुळे या बोलण्याला धारही होती. दुसरा तट म्हणत होता, अरे, आपली ओटी, आपली पडवी, आपलं बोलणं रोज टीव्हीवर दिसतंय, ते आधी बघा. मालवणी तोवर लोकांना ठाऊक होती ती हसण्यासाठी. १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगमंचावर आणलं आणि मालवणी म्हटलं की प्रेक्षक आधीच हसायच्या तयारीने बसू लागला. त्याच भाषेत आता कुणी घाबरत होतं, रडत होतं, भावाभावांत भांडत होतं. त्यातही तिसरा गट होताच: ही मालवणी आमची नव्हे, असं मालवणातला म्हणे, कुडाळचा म्हणे आणि वेंगुर्ल्याचाही म्हणे. साडेदहाला मात्र सगळे टीव्हीसमोर. नावं ठेवायची तर बघायला नको?

काळ्या, भयाच्या, अंगावर येणाऱ्या गोष्टींवरच माणसं एवढी टोकाला का जातात, हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटला. विनोदी सिनेमा आवडला नाही तर आपण 'हसू आलं नाही' म्हणतो आणि विषय संपतो. भयपट आवडला नाही तर माणूस जवळजवळ चिडतो. एकाला थोर वाटलेली गोष्ट दुसऱ्याला किळसवाणी वाटते, आणि दोघांनाही समोरच्यात काहीतरी कमी आहे असं वाटू लागतं. मला वाटतं, हसायला नवं कारण चालतं. घाबरायला जुनंच लागतं. ते ज्याचं त्याने घरून आणलेलं असतं.

२०२४च्या चतुर्थीला हे अगदी जवळून दिसलं. आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' जूनमध्ये चित्रपटगृहांत आला होता आणि गणपतीपर्यंत मोबाइलवर पोचला होता. मुंबईहून आलेल्या पोरांनी भजन आटोपल्यावर, काळ्या वाटाण्याच्या उसळीच्या वाट्या बाजूला सारून, माजघरात तो लावला. सिनेमा भुताचा आहे आणि हसण्याचाही आहे. पोरं खिदळत होती. पलीकडे आते वाती वळत बसली होती. थोडा वेळ तिने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "अरे, पोर ता. तेका हसतास कित्याक?"

डोंबिवलीचा पुतण्या समजावू लागला. "आते, ते कॅरेक्टर आहे गं. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं."

"असांदे," आते म्हणाली. "मेलो तरी आवशीक झीलच मां तो."

पोरांनी आवाज थोडा कमी केला, एवढंच. पण सिनेमा त्या माजघरात दोन झाले होते. पोरांच्या सिनेमात एक विचित्र, चावट प्राणी होता. आतेच्या सिनेमात पिंपळावर एकटं राहिलेलं, मुंज होऊन संसाराआधीच गेलेलं कुणाचं तरी लेकरू. तिला भीती वाटत नव्हती, वाईट वाटत होतं. तिने सिनेमा वाईट आहे असं म्हटलं नाही, चांगला आहे असंही नाही. या दोघांना समोरासमोर बसवून 'मुंज्या' कसा आहे हे ठरवायला सांगितलं असतं तर गणपती विसर्जनाला निघाला तरी काही ठरलं नसतं.

आतेसारखी माणसं जिथे वाढली तिथे काळोखातही कुणाची तरी ये-जा आहे, आणि ती रीतीची आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची फेरी करतो, चालून चालून चपला झिजतात, अशी श्रद्धा. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. तोच गावाचा राखणदार. शिवारातल्या देवचाराला वर्षाकाठी राखण द्यायची, नारळ ठेवायचा, कोंबडा द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा विश्वास खरा की खोटा हा वाद वेगळा, आणि मी त्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या दाभोलकरांच्या बाजूचा आहे. पण अशा घरातल्या माणसाला शहरी भयपट का पटत नाही, हे त्यावरून कळतं. सिनेमातलं भूत काळोखातून येतं ते मारायलाच. आमच्याकडचं येतं ते बघून जायला. चुकलात तर विचारायला. एका म्हाताऱ्याने एक गाजलेला हिंदी भयपट बघून एवढंच विचारलं होतं, "ह्येका राखण देऊक नाय काय कोणी?" यापेक्षा नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

या भागात भीतीची पहिली शिकवणी थिएटरात होत नाही, जत्रेत होते. कार्तिकापासून दशावताराच्या रात्री सुरू होतात. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, अशी मंडळं गावोगाव फिरतात. देवळासमोर बाकडं टाकलेलं, एका बाजूला पेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात. आधी आड दशावतार होतो आणि त्यात संकासुर येतो. अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळं टोपरं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. पुढे बसलेलं तीन वर्षांचं पोर किंचाळून आईच्या पदरात शिरतं. त्याच क्षणी मागे विडी ओढणारे आजोबा खदखदून हसतात, कारण संकासुर मालवणीत बोलतो, गावातल्यांची फिरकी घेतो, भटाला छळतो. पात्र एकच, उजेड एकच, रात्र एकच. पोर दोन-तीन वर्षांत त्या किंचाळीतून हसण्यात कधी जातं ते कुणाला कळत नाही. काही पोरं मात्र जातच नाहीत. पंचेचाळिशीचा एक ओळखीचा माणूस अजून संकासुर संपल्यावरच जत्रेत येतो आणि आपण चहा प्यायला थांबलो होतो असं सांगतो.

मग पहाटेपर्यंत आख्यान. त्यावरही भांडणं आहेतच. हल्ली 'ट्रिकसीन' असलेली नाटकं होतात: धूर, उडणारे देव, फाटलेल्या पोटातून निघणारं काहीतरी. तरुण त्यासाठी दहा मैल जातात. जुनी माणसं म्हणतात, राजाने नुसती तलवार आपटून दरारा आणायचा, धुराची गरज कशाला? मी जुन्यांच्या बाजूचा. पण ट्रिकसीन बघून ज्या चेहऱ्यांवर भीती उमटते ती खोटी नसते, हेही मी बघितलं आहे.

'तुंबाड'वरून तर आमच्याकडे किती तरी संध्याकाळी गेल्या. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. त्याआधी व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता, पण आपल्याकडे तेव्हा गर्दी झाली नाही. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. सिनेमा तोच. मधल्या काळात प्रेक्षक बदलले होते. आमच्यातल्या एकाला तो अजिबात आवडला नाही. कारण? "पाऊस थांबणाच नाय. दसऱ्याक तरी थांबाक होयो." शिवाय वाडा काळ्या दगडाचा, कोकणातलं घर चिऱ्याचं. बरोबरच आहे, चित्रीकरणाचा मोठा भाग सासवडच्या वाड्यातला. आणि तुंबाड गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं. सिनेमाची कथा त्या कादंबरीची नव्हे, सिनेमातला देव हस्तरही कुठल्या गावदेवीच्या शेजारी पुजलेला नाही. हे सगळं मान्य करूनही मला तो थोर वाटतो. ज्याला पाऊस खुपला त्याचं घर तिथे आहे. माझंही आहे, पण मला त्या पावसात पाऊस दिसलाच नाही, हाव दिसली.

'तुंबाड'मधली ती भयंकर आजी कुठून आली त्याचा प्रवास मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात राहणाऱ्या स्टीफन किंगने 'ग्रॅमा' लिहिली. त्यावरून पुण्यात नारायण धारपांनी 'आजी' केली. धारपांच्या कथा ऐकत-वाचत वाढलेल्या दिग्दर्शकाने तिला कोकणातल्या वाड्यात नेऊन साखळदंडाने बांधली. एवढे समुद्र ओलांडूनही ती प्रत्येक ठिकाणी तिथलीच वाटते, कारण आजारी म्हातारीची खोली आणि त्या खोलीत जायला घाबरणारं मूल सगळीकडेच आहे. याच किंगच्या १९७७च्या 'द शायनिंग' कादंबरीवर स्टॅन्ली क्युब्रिकने १९८० साली सिनेमा केला. तो किंगला आवडला नाही. माझ्या गोष्टीतली ऊब याने काढून टाकली अशी त्याची तक्रार. वर्षातल्या वाईट कामगिरीसाठी दिल्या जाणाऱ्या थट्टेच्या पुरस्काराकरता क्युब्रिकला तेव्हा नामांकन मिळालं होतं. आज तो सिनेमा थोर भयपटांत मोजतात. किंगने मात्र मत बदललं नाही, आणि का बदलावं? काळोख त्याच्या नावावर होता. दुसऱ्याने त्यात घर बांधलं.

'नावावर' म्हणालो ते सहज नव्हे. कोकणातली भुताची कुठलीही गोष्ट नीट खरवडली तर खाली जमीन निघते. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वात काय आहे? घरात लग्न ठरलेलं, त्याच दिवशी बाप जातो, मुंबईकर भाऊ आणि गावचा भाऊ एका छपराखाली येतात आणि वाटणीचा विषय निघतो. बाकी सावल्या, आवाज, दारं. सामायिक घर, सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं, एका कलमाच्या झाडावरून न बोलणारे चुलते, बंद माजघराला लागलेली वाळवी. हे आमच्याकडे वाडीवाडीत आहे. ज्यांनी त्या मालिकेत भूत बघितलं त्यांना ती अंधश्रद्धा वाटली. ज्यांनी सातबारा बघितला त्यांना ती घरातलीच गोष्ट वाटली, आणि त्यांतले काही तर तेवढ्यासाठीच चिडले. आपलं भांडण चारचौघांत कोण मांडेल?

सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार'चंही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये तो आला. दिलीप प्रभावळकरांचा थकलेला दशावतारी बाबुली मेस्त्री, देवराई, आणि तिच्यावर डोळा असलेली खाण. कुणी म्हणालं, देवाचं सोंग घेतलेल्या माणसाने सूड घ्यावा हे रुचत नाही. कुणी म्हणालं, उत्तरार्ध ताणला. पण दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याची खाण ज्यांनी बघितली आहे, तिच्याविरुद्ध जे रस्त्यावर उतरले, त्यांच्या शेजारी बसून हा सिनेमा बघणं म्हणजे निराळाच अनुभव. खाणीची लाल धूळ ज्यांच्या अंगणात आली त्यांना पडद्यावरचा राग ताणलेला वाटला नाही. मला काही ठिकाणी वाटला. माझ्या अंगणात धूळ आली नव्हती.

एवढं सगळं असून या जिल्ह्याच्या काळोखाचा सगळ्यात मोठा लेखक पडद्यावर जवळजवळ नाहीच. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, तेंडोलीच्या बागलांच्या राईत १९३० साली जन्मलेले. त्यांच्या 'चानी'वर व्ही. शांताराम यांनी १९७७ मध्ये सिनेमा केला. 'कोंडुरा' श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये हिंदीत आणि 'अनुग्रहम' नावाने तेलुगूत केला. अनंत नाग, स्मिता पाटील, अमरीश पुरी, सगळे उत्तम. पण तो घडतो आंध्रात. कोंडुऱ्याचा किनारा वेंगुर्ला तालुक्यात आहे. कुणा धाडसी दिग्दर्शकाने आता हा सिनेमा तिथे, त्याच किनाऱ्यावर, मालवणीत करावा. अर्ध्या जिल्ह्याला तो आवडणार नाही, याची हमी मी आताच देतो.