धूळ

सोमवार, १७ मार्च २०१४. अमेरिकेतील केंब्रिज येथे, हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात, काही शास्त्रज्ञांनी जाहीर केले की दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' या दुर्बिणीला विश्वाच्या जन्मक्षणाची खूण सापडली आहे. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या रात्री झोप येणे शक्य नव्हते.

विश्व जन्मताच निमिषाच्याही अत्यल्प अंशात अफाट वेगाने फुगले, असे ॲलन गूथ आणि आंद्रे लिंडे हे शास्त्रज्ञ १९८०च्या आसपासपासून सांगत आले होते. हा हिसका खरोखर बसला असेल, तर त्याने अवकाशातच तरंग उठले असतील. त्या गुरुत्वीय तरंगांचा ठसा विश्वातील सर्वांत जुन्या प्रकाशावर, म्हणजे विश्व सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षांचे असताना मोकळ्या झालेल्या किरणोत्सर्गावर, एका विशिष्ट पिळाच्या रूपाने उमटला असेल. अवघ्या २६ सेंटिमीटर व्यासाच्या त्या दुर्बिणीने २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावली होती आणि तो पीळ दिसला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर बातमी झळकली. एक छोटी चित्रफीतही घरोघरी पोहोचली. त्या गटातला एक तरुण शास्त्रज्ञ लिंडे यांच्या दारावर थाप मारतो, निकाल सांगतो, त्यांची पत्नी त्याला मिठी मारते आणि शॅम्पेनची बाटली उघडली जाते. त्याच चित्रफितीत लिंडे आपल्या मनातली एक भीती बोलून दाखवतात: हे केवळ सुंदर आहे म्हणून तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही ना? ते वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले.

प्रायश्चित्तकाळ चालू होता. धर्मग्रामाच्या फादरांनी युवा मंडळापुढे बोलायला सांगितले आणि २३ मार्चच्या रविवारी, संध्याकाळच्या मिस्सानंतर, मी चर्चच्या सभागृहात उभा राहिलो. बायबलच्या पहिल्या पानावरील 'प्रकाश होवो' या शब्दांवर आज विज्ञानाने सही केली आहे, असे मी म्हणालो. टाळ्या झाल्या. खोटे कशाला बोलू, त्या टाळ्या मला फार आवडल्या.

बाहेर पडताना एका माउलीने माझे दोन्ही हात धरले. तिचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्षभर मिस्साला येत नव्हता, घरात कोणाशी धड बोलत नव्हता. "सर, आज तो आपण होऊन आला," ती म्हणाली. "तुमचं ऐकताना त्याने एकदाही मोबाईल काढला नाही." त्या वर्षीच्या पुनरुत्थान जागरणाच्या रात्री उत्पत्तीचे पहिले वाचन चालू असताना तो मेणबत्ती घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले. जणू आम्हां दोघांत एक गुपित होते.

इथे मला अधिक लाज वाटायला हवी ती दुसऱ्याच कारणाने. असला मोह पूर्वी कोणाला पडला होता आणि कोणी आवरला होता, हे मला पाठ होते. विश्व एका 'आद्य अणू'पासून विस्तारत आले, हा विचार १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथॉलिक धर्मगुरू. पुढे २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना विज्ञान जणू त्या आद्य 'प्रकाश होवो'चे साक्षीदार झाले आहे, असे उद्गार काढले. लमेत्र स्वतः त्या अकादमीचे सदस्य. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाला तो मनस्ताप. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नांपासून अलिप्त आहे, उद्या तो चूक ठरला तर श्रद्धेने त्याची किंमत का मोजावी, अशी त्यांची धारणा होती. पुढच्या वर्षी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, तेव्हा पोपमहाशयांच्या भाषणात तो सूर नव्हता. ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली होती. सभागृहात ती आठवली नाही, असे मी म्हणेन तर तेही खरे नव्हे. आठवली होती, पण टाळ्यांच्या आड येणारी होती.

वैशाख सरता सरता शंका उठू लागल्या. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धूळ आहे: वाळूसारखे, काजळीसारखे अतिसूक्ष्म कण. आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते एका दिशेने ओळ धरतात आणि त्यांतून निघणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींतही तसाच पीळ दिसू शकतो. धूळ कोणती आणि आदिप्रकाश कोणता, हे ओळखायचे तर अनेक कंप्रतांवर मोजणी हवी. बायसेप-२ने एकाच कंप्रतेवर, १५० गिगाहर्ट्झवर, पाहिले होते. युरोपच्या 'प्लांक' उपग्रहाकडे धुळीची मोजणी होती. सप्टेंबर २०१४मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली: आकाशाच्या त्या निवडलेल्या, स्वच्छ समजलेल्या तुकड्यातही धूळ होती आणि पुष्कळ होती. मग दोन्ही गट, कालपर्यंतचे प्रतिस्पर्धी, एकत्र बसले आणि ३० जानेवारी २०१५ रोजी त्यांनी संयुक्त निष्कर्ष जाहीर केला. जन्मक्षणाच्या तरंगांचा पुरावा त्या मोजणीत नव्हता. तो नंतरही मिळालेला नाही. त्याच गटाने २०२१ साली अधिक बारकाईने मोजले, तेव्हाही ते तरंग असलेच तर किती क्षीण असतील, एवढीच मर्यादा आणखी खाली आली.

सप्टेंबरात मी ते वाचले आणि गप्प राहिलो. मतमाउलीची जत्रा आहे, होऊन जाऊ द्या. नाताळ तोंडावर आहे. पोरांच्या मनात आता किंतु कशाला. कोणी विचारलेले तर नाही. मनाला कारणे सुचवावी लागत नाहीत.

फेब्रुवारीत तो मुलगा घरी आला. बसला नाही. "सर, ती धूळ निघाली."

"हो."

"तुम्हांला केव्हापासून माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

तो थोडा वेळ उंबऱ्यापाशी उभा राहिला. "चुकले ते, सर, पण त्यांनी सांगितलं." एवढे बोलून तो गेला. त्या वर्षी ईस्टरच्या रात्री तो दिसला नाही. त्याच्या आईने मला काही विचारले नाही. माझ्याकडे पाहून ती नेहमीसारखीच हसली, ते अधिक जड गेले.

पुढच्या वर्षी, ११ फेब्रुवारी २०१६ला, 'लायगो'ची बातमी आली. आदल्याच दिवशी राखेचा बुधवार होता. कपाळावरची राख नुकतीच पुसली गेली होती. १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली आणि त्या धक्क्याच्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी टिपल्या होत्या. लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान! गोंगाटातून असा क्षीण स्वर वेचण्याच्या गणितावर पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे खपले होते. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांनाही भरते आले.

युवा मंडळाने पुन्हा बोलावले. १४ फेब्रुवारी, प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशीचे शुभवर्तमान अरण्यातील मोहांचे. मी आरंभ धुळीने केला. काय म्हणालो होतो, केव्हा कळले, किती महिने गप्प बसलो, सारे सांगितले. तासातली वीस मिनिटे त्यात गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि फादर जमिनीकडे पाहत होते.

मग लायगोकडे वळलो आणि तिथल्या पाकिटाची हकिकत सांगितली. सप्टेंबर २०१०मध्ये मोजक्या लोकांनी यंत्रांत मुद्दाम एक खोटा संकेत सोडला होता. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने त्यावर राबले, शोधनिबंध लिहून तयार झाला, आणि मार्च २०११मध्ये सर्वांसमक्ष पाकीट उघडले तेव्हा कळले की ती परीक्षा होती.

मिस्साला तो मुलगा आला नव्हता. सभागृहाच्या दाराशी मात्र उभा होता. मला उशिरा दिसला. लोक पांगल्यावर पुढे आला.

"सर, ह्या वेळी पाकीट नव्हतं?"

"नव्हतं. ते त्यांनी आधी विचारून घेतलं, मगच पुढे गेले. तरी पाच महिने तपासत होते."

"मला वाटलं, आज तुम्ही धुळीचं काढणार नाही."

मी काही बोललो नाही. प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिलो. त्याने बाही वर केली आणि मागच्या रांगेतून खुर्च्या उचलून एकावर एक रचायला सुरुवात केली.