खोल होतं का?

गेल्या गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरती आटोपल्यावर दोन-तीन मुलींनी मला गाठलं. "काकू, तुम्ही ते आयर्नमॅन केलंत ना? त्याबद्दल लिहा की अंकात." मी हसून वेळ मारून नेली. पण मुली चिकाटीच्या निघाल्या. रोज मेसेज. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी एक दुरुस्ती. मी केलं ते निम्मं. अख्ख्या आयर्नमॅनमध्ये 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन असते. गोव्यात मिरामारला होतं ते त्याच्या बरोबर अर्धं : 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल चालवायची, 21.1 किलोमीटर पळायचं. तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज केली की 70.3 येते, म्हणून नावात तो आकडा. सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं. शिवाय मधले टप्पे वेळेत पार करायचे. पोहण्याला एक तास दहा मिनिटं. हा एक तास दहा मिनिटांचा नियम लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच आहे.

हा खेळ कुणाच्या डोक्यातून निघाला, असं सासूबाईंनी कपाळाला हात लावून विचारलं होतं. तर हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाचा अमेरिकी नौदलातला अधिकारी होता. पळणारे जास्त दमाचे, पोहणारे की सायकलवाले, असा वाद निघाला. त्याने आणि त्याच्या बायकोने, ज्युडीने, तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या आणि 1978 मध्ये त्या एकाच दिवसात पळवल्या. पंधरा जण उतरले, बारा पोचले. दुसरा आलेल्या गड्याच्या मदतनीसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच गोव्यात ठेवलीय वाटतं."

मी खेळाडू वगैरे कधीच नव्हते. शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखायचं माझं. लॉकडाऊननंतर रक्त तपासलं तर साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, चाला. म्हणून व्हॅक्सिन डेपोत चालायला लागले. टिळकवाडीतली ती झाडी, सकाळी सहाचं धुकं, चालताचालता राजकारणावर भांडणारे आजोबा, हे सगळं बेळगावकरांना सांगायला नको. चालता चालता पळायला लागले. मग नवऱ्याची धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली. रविवारी खानापूर रस्त्याने जाऊन यायचं, मग जांबोटीपर्यंत, मग एकदा थेट कणकुंबीपर्यंत, जिथे मलप्रभा उगम पावते. ग्रुपमधल्या एकीने मिरामारच्या स्पर्धेचं काढलं. मी म्हटलं, बाकी सगळं येईल गं, पण मला पोहता येत नाही.

इथे थोडं मागे जायला हवं.

मुलगा आठ वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पोहायला घातला होता. पहिले दहा-बारा दिवस उथळ भागात पाय मारण्यात बरे गेले. मग खोल बाजूला जायची वेळ आली आणि हा काठाचा लोखंडी दांडा सोडेना. ओठ निळे पडलेले, पण दांडा घट्ट. आम्ही सगळ्या आया बाकावर बसलेल्या. बाकीची मुलं धडाधड उड्या मारत होती. मी उठून काठाशी गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अरे, तुझ्याहून लहान मुली उड्या मारतायत! भित्रा कुठचा!" सगळे हसले. तो पाण्यातून वर आला, टॉवेल गुंडाळला, आणि दुसऱ्या दिवसापासून गेला नाही. मी दोन दिवस बडबडले, फी वाया गेली म्हणून. मग विसरून गेले.

त्या वेळी मला स्वतःला गुडघाभर पाण्यातसुद्धा तरंगता येत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी बायकांच्या बॅचला जायला लागले. पूर्ण हातापायाचा पोशाख, डोक्यावर टोपी. पहिल्या दिवशी घरातून निघताना जिन्यात शेजारच्या काका भेटू नयेत म्हणून देवाला नमस्कार करून निघाले. नाकातोंडात पाणी जाण्याचे दोन महिने काढले. मग श्वास जमला. सहाव्या महिन्यात न थांबता दोन किलोमीटर व्हायला लागले, आणि मी स्पर्धेचा फॉर्म भरला. प्रवेश फी किती होती ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हा अंक त्या वाचतात, म्हणून इथेही लिहीत नाही.

नोव्हेंबर 2022. चोर्ल्याच्या घाटाने आम्ही सगळे शुक्रवारी पणजीला गेलो. रविवारी पहाटे घोट्याला चिप बांधून, डोक्यावर रंगीत टोपी घालून मिरामारच्या वाळूत उभी राहिले. सोबत हजारभर माणसं. एकदम सगळ्यांना सोडत नाहीत, थोडेथोडे सोडतात, आपापली वेळ आपापल्या चिपवर मोजली जाते. माझी पाळी आली. पहिल्या लाटेपर्यंत सगळं ठीक होतं.

तलावात तळ दिसतो. निळ्या फरश्या, त्यावरची काळी रेघ, आपण कुठे आहोत ते कळतं. समुद्रात मान पाण्यात घातली आणि खाली नुसता मातकट अंधार. स्वतःची बोटं दिसेनात. शेजारून कुणाचा तरी पाय लागला, तोंडात खारट पाणी गेलं, आणि जे दोन किलोमीटर मी डोळे झाकून करत होते ते सगळं विसरले. श्वास आत जाईना. छाती कुणीतरी दोरीने आवळल्यासारखी. हात वर केला. एक कयाक आली, मी तिचं टोक धरलं. नियमाने तेवढी मुभा असते, धरून विश्रांती घेता येते, फक्त पुढे सरकायचं नाही. कयाकमधला मुलगा शांतपणे कोंकणीत काहीतरी बोलत राहिला. मी सोडायची, वीस हात मारायची, पुन्हा धरायची. असं किती वेळा झालं कोण जाणे. पण बाहेर मात्र स्वतःच्या हातापायांनी आले.

वाळूत पाय लागले तेव्हा एक तास चौदा मिनिटं झाली होती. एका स्वयंसेविकेने वाकून माझ्या घोट्यावरची चिप सोडवली. मला "सॉरी, मॅम" म्हणाली, तिचा आवाज फार मऊ होता. सायकल स्टँडला तशीच उभी. तिच्यावर चिकटवलेली चिक्की, मिठातले उकडलेले बटाटे, सगळं तसंच.

दोरीपलीकडे घरचे उभे होते. नवऱ्याने टॉवेल दिला. तोंडाने काही बोलला नाही, ते बरं केलं. मुलगा आता बारा वर्षांचा होता. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी. त्याने फक्त विचारलं,

"आई, खोल होतं का?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता तो, माहीत असलेल्या माणसाने माहीत असलेल्याला विचारावं तसं. मी म्हटलं, "हो." आणि मग तिथेच वाळूत बसून रडले. लोकांना वाटलं, स्पर्धा गेली म्हणून रडते आहे.

परतताना घाटात अंधार पडला होता. सासूबाई झोपल्या होत्या. मी मागे वळून मुलाला म्हणाले, "मी तुला एकदा तलावावर भित्रा म्हणाले होते."

"मला नाही आठवत," तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला.

साखळी कधीच मागे पडली होती. कणकुंबीच्या जवळ तो आपणहून म्हणाला, "सगळ्यांसमोर म्हणाली होतीस."

मी "चुकलं माझं" म्हणाले. तो "हं" म्हणाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. जांबोटी आली तेव्हा त्याने विचारलं, "भीती वाटली की तू काय करत होतीस?" मी म्हटलं, काहीच नाही, कयाक शोधत होते. "मी फरशा मोजायचो," तो म्हणाला. "दांड्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत. मोजताना कमी वाटायची."

पुढच्या वर्षीसाठी मी पुन्हा नाव घातलं. ह्या वेळी आधी समुद्राशी ओळख करून घेतली. पावसाळ्यापूर्वी तीन रविवार मिरामारला गेले, पावसाळ्यानंतर कोल्हापूरच्या राजाराम तलावात दोनदा उतरले. बेळगावचा पाऊस सायकल बाहेर काढू देत नाही, तेव्हा ती मागच्या खोलीत स्टँडवर चढवली. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली तासन् तास पॅडल मारायची. सासूबाई ओले टॉवेल माझ्या डोक्यावरून टाकत जायच्या. "जागची हलत नाहीस आणि घाम केवढा!" असं रोज म्हणायच्या आणि रोज लिंबूसरबत ठेवून जायच्या.

तरुण मंडळींसाठी एक कामाचं सांगते. पोहणं, सायकल, पळणं वेगवेगळं सगळ्यांना जमतं. सायकलवरून उतरून लगेच पळायचं, ते जमत नाही. मांड्या विटांच्या होतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा सायकल ठेवून तशीच पळायला निघायची सवय लावा. आणि पाण्याबरोबर मीठ घ्या. गोव्याच्या दमट हवेत घामातून इतकं मीठ जातं की नुसतं पाणी पीत राहिलं तर गरगरतं. मी बाटलीत मीठ घातलेलं कोकम भरलं होतं. चव भयंकर, पण उपयोगी.

ऑक्टोबर 2023. पुन्हा तीच वाळू. पाण्यात मान घातली, तोच मातकट अंधार. छाती आवळायला लागली. मी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. शंभर झाले की पुन्हा एक. फरशा नव्हत्या, म्हणून हात मोजले. कयाक तीन वेळा दिसली, एकदा धरलीही. पण सोडून निघाले ती पुन्हा एकपासून. अठ्ठावन्न मिनिटांनी पायाला वाळू लागली. चिप घोट्यावरच राहिली. मला दोरीपलीकडे कुणी दिसलं नाही. नंतर कळलं, मुलगा ओरडत होता. मी सायकलकडे पळत सुटले होते.

सायकलवर फार सांगण्यासारखं नाही. चार तास ऊन आणि तेच तेच चढ. चेन एकदा पडली. बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही, म्हणून रस्त्याकडेला बसून स्वतःच चढवली. बोटं काळी झाली आणि मग त्याच बोटांनी चिक्की खाल्ली. आमच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांनी हे मला चार वेळा शिकवलं होतं. त्यांना पेढे द्यायचे राहूनच गेले, ते आता लिहिताना आठवलं.

पळायला निघाले तेव्हा हातात तीन तास सोळा मिनिटं होती. ऊन डोक्यावर. दोना पावलाच्या बाजूला चढ आला की मी सरळ चालायची, उतारावर पळायची. पाण्याच्या प्रत्येक टेबलावर बर्फ मिळायचा, तो टोपीत घालायची. एका वळणावर एक आजीबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "चल गो बाय, थोडेंच उरलां!" पहिल्या फेरीलाही हेच, शेवटच्याही. पहिल्या वेळी मला राग आला होता. शेवटच्या वेळी मी त्यांच्या पायाला हात लावून पुढे गेले.

आठ तास वीस मिनिटं. दहा मिनिटं शिल्लक राहिली. पदक गळ्यात पडलं, तेव्हा माझा चेहरा फोटोत दात दुखत असल्यासारखा आला आहे. तो फोटो नवऱ्याने मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्याचं काय करायचं ते मी बघते आहे.

मुलाने पदक हातात घेऊन वजन बघितलं. "किती मोजलेस?" म्हणाला. मी म्हटलं, शेवटी शेवटी चुकले. "मीपण चुकायचो," तो म्हणाला, आणि माझ्या पिशवीतलं उरलेलं केळं काढून खाल्लं.

पदक आता दाराजवळच्या खिळ्याला, गाडीच्या किल्ल्यांबरोबर आहे. मुलगा पंधराचा झाला. संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो, उंची माझ्याहून जास्त झाली आहे. पोहायला तो अजून जात नाही. मी विचारत नाही. मंगळवार-शुक्रवारी मी तलावावरून येते तेव्हा तो कधीकधी दारात चपला घालत असतो. "किती?" विचारतो. मी हातांचा आकडा सांगते.