लोकरीचे तोरण

दसरा-दिवाळीला आपल्या वडीगोद्रीत घरोघरी आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण बांधतात. ते छान दिसते, पण चार दिवसांत वाळते. यंदा दिवाळीला आम्ही लोकरीचे तोरण केले.

दरवर्षी श्रावण अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, आजी बैलांच्या शिंगांसाठी लोकरीचे गोंडे करायची. यंदा पोळ्याआधीच बैलजोडी विकावी लागली. आणलेली लोकर तशीच राहिली. मी म्हणाले, "आजी, दाराला करू की गोंडे!"

दोन बोटांवर लोकरीचे ५० वेढे घ्यायचे. ते अलगद काढून मधोमध दोरा बांधायचा. आजी म्हणायची, "करकचून बांध बाई, नाहीतर समदं सुटंल." मग दोन्ही बाजूंचे वेढे कात्रीने कापायचे, की गोंडा फुलतो. वर-खाली झालेली टोके कापून तो गोल करायचा. लाल, पिवळे, हिरवे असे २१ गोंडे आम्ही दाभणाने जाड दोऱ्यात ओवले.

आजोबांनी आणखी दोन गोंडे करून मागितले. ते गोठ्यात खुंटीला टांगले. म्हणाले, "बैल आले म्हंजी लागतील."

मित्रांनो, घरात लोकर उरली असेल तर तुम्हीही करून बघा. हे तोरण पुढच्या दिवाळीलाही चालते.