कर्करोगाचे मर्मस्थान

कर्करोगाचे नाव निघताच घरातील माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात. या शत्रूचे बळ आपण सारे जाणतो. त्याचे व्यंग मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. त्या व्यंगाविषयी वाचकांस दोन शब्द सांगावे, असे आम्हांस वाटते.

देहातील पेशींत डीएनए नावाचा दुपदरी तंतू असतो व पेशीचा सारा कारभार त्याच्या आधारे चालतो. या तंतूस नित्य सहस्रावधी इजा होतात. तरी आपण जगतो, कारण पेशीत दुरुस्तीचे कारागीर अहोरात्र राबत असतात. त्यांची कार्यपद्धती उलगडून दाखविल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच व अझीझ संजार यांस २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तंतूचा एक पदर तुटला तर पार्प नावाचे प्रथिन धावून येते. दोन्ही तुटले तर बीआरसीए १ व बीआरसीए २ या जनुकांची प्रथिने कामास लागतात. काही कुळांत यांपैकी एका जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते. एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, म्हणजे चुका साचत जातात व स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग उद्भवू शकतो.

परंतु ज्या उणिवेतून रोग जन्मला, तीच त्याचे मर्मस्थान होय! दोन विहिरींच्या गावात एक आटली तरी लोक तगतात. जेथे एकच उरली आहे, तेथे तीही बुजविली तर गाव ओस पडते. पार्पचे कार्य औषधाने रोखल्यास निरोगी पेशी दुसऱ्या मार्गाने सावरते, रोगी पेशी मात्र मरते, हे २००५ साली दोन संशोधकगटांनी प्रसिद्ध केले. या जातीचे पहिले औषध ओलापॅरिब. त्यास २०१४ च्या अखेरीस युरोप व अमेरिका येथे मान्यता मिळाली.

हा रामबाण उपाय नव्हे. कित्येक गाठी गमावलेली दुरुस्ती पुन्हा साधतात व औषधास जुमानत नाहीत. मळमळ, थकवा, पांडुरोग हे उपद्रवही होतात. शिवाय औषध कोणास लागू पडेल, हे ठरविताना रोग्याच्या जनुकांची परीक्षा करावी लागते, आणि त्या परीक्षेची वाट बहुधा कुळाच्या हकीकतीतून निघते.

सदोष जनुक मातेप्रमाणेच पित्याकडूनही येते, व प्रत्येक अपत्यास ते मिळण्याचा संभव निम्मा असतो. हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे. म्हणून पालकांस आमची विनंती, की आजी, आत्या, मावशी यांचे आजार लज्जेने झाकून न ठेवता डॉक्टरांस मोकळेपणाने सांगावे. त्या माहितीवर पुढे आपल्याच लेकरांचे प्राण अवलंबून असू शकतील.