फोटोत चीक दिसत नाही

थंडीतला पाऊस पडून गेला की माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात. हत्ता, रस अल खैमा, अल ऐनच्या बाजूला फिरायला गेलेली आपली माणसं पिवळ्या फुलांचं रोपटं टिपतात आणि विचारतात, "ताई, ही आपली पाथरीच ना? भाजी केली तर चालेल?" फोटोवरून मी होकार देत नाही. वनस्पतीचे गुण पाठ असणं ही वैद्यकीतली पुढची पायरी. आधी ती हातात घेऊन ओळखता आली पाहिजे. आणि पाथरीच्या, म्हणजे सूर्यफुलाच्या, कुळात डोळे फार लवकर फसतात.

पाथरी इथे अमिरातीत आहे, हे खरं. पाणी दिलेल्या शेताबागांत ती उगवते, उघड्या वाळूत तिच्याच गोतातल्या इतर जाती. त्यांतल्या एकीला अरबीत हुव्वा म्हणतात. तिची कोवळी पानं इथले लोक कच्ची खात आले आहेत, जशी आपल्याकडे हरभऱ्याच्या रानातली पाथरी भाकरी-ठेच्याबरोबर खातात. पानं जमिनीलगत पसरलेली, कडेला बारीक दाते. देठ मोडला की पांढरा चीक येतो. मग फूल नखाने उकलायचं. पाकळ्या सगळ्या पट्टीसारख्या, अगदी मधोमधसुद्धा, आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाला पाच इवलाले दाते. ही एकेक पट्टी म्हणजे एकेक स्वतंत्र फूल. मला हे भिंगाखाली पाहायला आजही फार आवडतं.

त्याच वाळूत, त्याच दिवसांत सेनेसिओ ग्लाउकस फुलतो. तोही पिवळा, तोही याच कुळातला. पण त्याच्या फुलात मधोमध नळीदार फुलांची गच्च चकती असते, पट्ट्या फक्त कडेने, आणि देठ मोडला तर चीक नाही. त्यातली पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स यकृतातल्या बारीक शिरा बंद पाडतात. शिजवलं म्हणजे निर्धोक झालं, असा भरवसा इथे धरता येत नाही.

नुसत्या चिकावरही जाऊ नये. रुईला चीक असतो, दुधी या तणाच्या जातींनाही असतो, आणि हे सगळं अमिरातीत उगवतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. म्हणून चीक आणि फूल दोन्हींची साक्ष जुळली पाहिजे. एक जरी हुकली तरी रोप तिथेच सोडायचं. मराइके योंगब्लूड या डॉक्टरबाईंचा अमिरातीतल्या रानफुलांवरचा २००३चा ग्रंथ मी सतत उघडते, पण त्यातलं चित्र जुळलं म्हणून हात पुढे करत नाही.

माका मात्र स्वतःच ओळख देतो. ओलसर जागी, पाटाच्या कडेला पांढऱ्या बटणासारखी फुलं दिसली तर पान चुरडावं. थोड्या वेळात बोटं काळपट होतात. तेलासाठी मी तो ओळखीच्या शेतातूनच घेते. शहरातली हिरवळ आणि रस्त्याकडेची झाडं बरीचशी प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर वाढतात, तिथली पाथरी कितीही कोवळी असो, ती ताटात नको. राखीव क्षेत्रातलं तर काहीच तोडायचं नाही.

दुबईतल्या देराच्या मसाल्यांच्या बाजारात सुकी फुलं पोत्याने मिळतात. बाबूना, म्हणजे कॅमोमाइल, तर हमखास. झोपेसाठी, पोटासाठी लोक त्याचा काढा घेतात आणि मीही देते. पण आपल्या माणसाला आधी एक प्रश्न विचारते: गावाकडे गाजरगवताने कधी अंगावर उठलं होतं का? १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं हे तण याच कुळातलं. ज्यांच्या कातडीला ते सोसत नाही, त्यांतल्या काहींना बाबूनाही सोसत नाही. उत्तर हो असेल तर मी बाबूना बाजूला ठेवते आणि जिऱ्याचं पाणी सांगते.