ज्योतीचा हिरवा काठ

तो हिरवा मला अजूनही नेमका सांगता येत नाही. सोलापूरच्या कॉलेजातली दुपार, प्रयोगशाळेच्या उंच खिडक्या ओढून घेतलेल्या, गॅसचा आणि ॲसिडचा तो घशाला किंचित खवखवणारा वास. परीक्षानळीत चिमूटभर पांढरं सॉल्ट, त्यावर जपून सोडलेलं तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, मग थोडं अल्कोहोल, आणि नळी ऊन करून तिच्या तोंडाशी काडी नेली की भप्पकन उठणारी ज्योत. आतून पिवळसर, काठाला हिरवी. क्षणभरच. जर्नलात एका ओळीत निरीक्षण, पुढच्या रकान्यात ‘बोरेट’, आणि वही बंद. मी मात्र संध्याकाळच्या गाडीनं मोहोळला परतताना, सीनेच्या पुलावर डब्याचा खडखडाट वाढला की डोळे मिटून घ्यायची, आणि तो काठ पुन्हा उजळायचा.

मग हळूहळू लक्षात आलं, हा रंग मी आधी कुठंतरी पाहिला होता. आजीची पाटली सांध्यात सुटली तेव्हा तिचं बोट धरून मी आळीतल्या सोनारकाकांकडं गेले होते. खाली मान घालून ते सहाणेवर पाण्याच्या दोन थेंबांत टाकणखार उगाळत, पिसानं तो सांध्याला लावत, झाळेचा बारीकसा तुकडा चिमट्यानं वर ठेवत, आणि मग फुंकणी ओठांत धरून दिव्याची ज्योत आडवी करत. टाकणखार आधी फुगायचा, आतलं पाणी सोडत पांढरा शुभ्र, कुरकुरीत व्हायचा. मग एकाएकी खाली बसून त्याची काच व्हायची. त्या काचेच्या आड हवा शिरत नसे, धातूवरचा मळ तिच्यात विरघळे, आणि झाळ अचानक पाणी होऊन फटीतून पळे. त्या वेळी ज्योतीच्या कडेला हिरवी छटा तरळायची. झाळेतल्या तांब्याचाही तिच्यात वाटा असणार, पण टाकणखाराचाही होताच. लडाखच्या पुगा खोऱ्यातून, तिबेटातल्या सरोवरांच्या काठांवरून, मेंढ्यांच्या पाठीवर लादून एके काळी हा खार खाली उतरत असे, हे पुढं वाचलं तेव्हा आजीच्या मनगटाकडं मी फार वेळ बघत बसले होते.

त्या खाराच्या पोटात असतो बोरॉन. मूळचाच कमतरतेचा. बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन तीन आणि जागा चार. कार्बन कसा, प्रत्येक शेजाऱ्याशी दोन इलेक्ट्रॉनांचा रोखठोक व्यवहार करतो. बोरॉनला ते परवडत नाही. तो दोन इलेक्ट्रॉन तीन अणूंत मिळून वापरतो. उन्हाळ्यात टँकर येऊन गेल्यावर दोन घागरी तीन घरांना पुरवणाऱ्या आमच्या आळीला हे वेगळं शिकवावं लागलं नसतं. आणि मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट ही, की या ओढग्रस्तीतूनच त्याचे अणू एकमेकांजवळ सरकतात, कोपऱ्याला कोपरा लावतात आणि त्यांचे पिंजरे होतात. रेखीव, पोकळ, त्रिकोणात्रिकोणांनी बांधलेले. असे पिंजरे बांधण्यात आणि समजून घेण्यात काही माणसांनी आपली सबंध आयुष्यं घातली.

पहिला आल्फ्रेड स्टॉक. जर्मनीत १९१२च्या सुमारास त्यानं बोरॉन आणि हायड्रोजनची संयुगं वेगळी करायला घेतली. त्यातली काही हवा लागताच पेटतात, आणि पेटतात तीही हिरवीच. मग त्यानं हवाच वगळली. काचेच्या नळ्यांचं बंदिस्त जाळं, आत निर्वात, आणि झडपांच्या जागी पारा. त्या काचेच्या घरात वर्षानुवर्षं तो एकेक वायू थंड करून गोठवत, मोजत, ओळखत राहिला. डोकं दुखे, नावं आठवेनाशी झाली, बोलताबोलता शब्द निसटू लागले. पाऱ्याच्या वाफा आपल्याला हळूहळू खातायत हे त्याला १९२४मध्ये उमगलं, आणि १९२६मध्ये त्यानं ते सगळं उघडपणे लिहून काढलं, प्रयोगशाळेत वावरणाऱ्या इतरांनी सावध व्हावं म्हणून. त्याच्या संयुगांहून त्याचं हे लिहिणं मला मोठं वाटतं.

त्यानं वेगळ्या केलेल्या संयुगांतले अणू जोडले कसे असतील हे बरीच वर्षं नीट सुटत नव्हतं. १९४३मध्ये ऑक्सफर्डमधल्या लाँगेट-हिगिन्स नावाच्या पोरसवदा विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षकाबरोबर लिहिलं, की सगळ्यात साध्या संयुगात दोन हायड्रोजन दोन बोरॉनांच्या मधोमध पुलासारखे बसलेले असले पाहिजेत. पुढं विल्यम लिप्सकॉम्बनं क्ष-किरणांनी हे पिंजरे एकामागून एक उलगडले. त्याला १९७६चं नोबेल मिळालं. पण माझा जीव जडला तो फ्रेडरिक हॉथॉर्नवर. बारा बोरॉन, वीस त्रिकोणी बाजू, प्रत्येक कोपऱ्याला एकेक हायड्रोजन, आणि सगळ्यांवर मिळून दोन ऋणभार, असा पिंजरा असू शकेल हे गणितानं १९५५मध्येच सांगून ठेवलं होतं. १९६०मध्ये हॉथॉर्न आणि त्याचा सहकारी पिटोचेली यांनी तो प्रत्यक्ष केला. ज्या घराण्यातली भावंडं हवेनं पेटतात, त्यातला हा एक शेकडो अंशांच्या आचेलाही बधत नाही. इतका शांत. त्याचं चित्र मी पहिल्यांदा एका जाडजूड पुस्तकात पाहिलं आणि वाचनालय बंद व्हायची घंटा झाली तरी बोट त्या पानावरच होतं.

त्याच वाचनालयात आणखी एक सुख मिळालं. बोरॉनवर नोबेल मिळवणाऱ्या हर्बर्ट ब्राऊनच्या निबंधांखाली, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या पत्त्यावर, आपली नावं. एस. यू. कुलकर्णी. पी. के. जाधव. ते काम पिंजऱ्यांचं नव्हतं, बोरॉनला हाताशी धरून कार्बनचे रेणू घडवण्याचं होतं. १९८३च्या ब्राऊन आणि जाधवांच्या पद्धतीत बोरॉन रेणूच्या डाव्या-उजव्या वळणांतलं एकच निवडतो. या माणसांना मी कधी भेटले नाही. पण मोहोळच्या शाळेतल्या हजेरीपटावर शोभावीत अशी ती आडनावं त्या परक्या पानावर वाचताना आत काहीतरी सैल झालं.

आणि मोहोळच्या फलाटावर उभं राहिलं की डाव्या-उजव्या दोन्ही दिशांना जग असतं. मुंबईकडं जाणारी गाडी सगळ्यांना ठाऊक. मला ओढ असायची ती उलट्या दिशेची. सोलापूर मागं टाकून वाडीला वळलं की हैदराबाद. तिथल्या विद्यापीठात एलुवथिंगल जेम्मिस अनेक वर्षं कागदावर आणि संगणकावर बोरॉनचे पिंजरे मांडत होते. पिंजरा एकटा असेल तर त्याला इलेक्ट्रॉनांच्या किती जोड्या लागतील, हे इंग्लंडमधल्या केनेथ वेडनं १९७१मध्ये सांगितलं होतं. पण पिंजरे एकमेकांत अडकले, एक कोपरा दोघांचा झाला, तर? जेम्मिस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००१मध्ये उत्तर दिलं, आणि ते थक्क व्हावं इतकं छोटं आहे: पिंजरे मोजा, कोपरे मोजा, सामाईक कोपरे मोजा, बेरीज करा. शुद्ध बोरॉनच्या स्फटिकात काही जागा रिकाम्या आणि काही अणू जादा का असतात, हे कोडंही त्या बेरजेनं सुटत गेलं. त्या रिकाम्या जागा हिशेब जुळायलाच लागतात. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

धाकट्या काकूंना बार्शीला लाइट, म्हणजे किरणोपचार, घ्यायला नेत होतो, ते दिवसही याच वाचनाचे. वैरागवरून जाणारी एसटी, मांडीवर डब्याची पिशवी, आणि काकूंच्या गालावर पेननं आखलेल्या खुणा, ज्या धुवायच्या नसत. किरण गाठीवर पडत आणि आजूबाजूची चांगली कातडीही सोलून काढत. आणि माझ्या पिशवीत हॉथॉर्नवरचा लेख. बोरॉनच्या दर पाच अणूंतला साधारण एक हलक्या जातीचा असतो. त्याला मंद न्यूट्रॉन भेटला की तो फुटतो, आणि फुटून उडालेले तुकडे एका पेशीच्या रुंदीपलीकडं जात नाहीत. म्हणजे बोरॉन फक्त रोगट पेशीत पोचवता आला, तर शेजारची पेशी वाचेल. एका पिंजऱ्यात बारा बोरॉन एकदम नेता येतात. जपानात हातानाका नावाच्या शल्यवैद्यानं १९६८पासून, गंधक जोडलेला असा पिंजरा मेंदूच्या गाठींसाठी वापरला. हॉथॉर्ननं उतारवयाची वर्षं मिसुरीत याच ध्यासात घालवली. २०२०मध्ये जपाननं डोकं आणि मान यांच्या कर्करोगासाठी बोरॉनचं एक औषध मान्य केलं, पण ते साध्या अमिनो आम्लाचं. पिंजरा अजून थांबलेलाच आहे. हॉथॉर्न २०२१मध्ये गेला. काकू त्याच्या कितीतरी आधी. परतीच्या गाडीत त्या विचारायच्या, ‘काय गं वाचतेस एवढं?’ आणि मी सांगायची, आणि त्या ऐकायच्या, गाल दुखत असताना हसायच्या.

आता पुतण्यानं माळावर डाळिंब लावलंय. मृग बहार धरलाय. मागल्या साली फळं तडकली, तेव्हा कृषी सेवा केंद्रातून तो बोरॉनचा पुडा घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. ‘आत्या, हे तुझंच ना?’ पांढरी, निर्विकार भुकटी. मी ती चिमटीत घेऊन बराच वेळ चोळत राहिले, गुळगुळीत लागते बोटांना. मग त्याला सांगितलं, की हा कमी पडला तर फळाची साल ताण सोसत नाही, आणि जास्त झाला तर पानांच्या कडा करपतात. मात्रा तागडीवर मोजूनच घे, अंदाजानं नको. त्यानं पिंजऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा मी काड्यांनी मातीत वीस त्रिकोण जुळवायला बसले, आणि तोही शेजारी उकिडवा बसला. या रविवारी पुन्हा फवारणी आहे. मी बजावलंय, ठिबकचं पाणी एकसारखं ठेव, एकट्या बोरॉनवर सगळा भार टाकू नकोस.