एका डोळ्याची पिकअप

धर्मगुरूला लोक कोणत्या कामासाठी बोलावतील याचा नेम नसतो. घराची पायाभरणी, आजाऱ्याचे तैलाभ्यंग, दोन भावांमधला कुंपणाचा वाद, या गोष्टी आता आमच्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु गेल्या मे महिन्यात सायंकाळच्या मिस्सानंतर एक तरुण सॅक्रिस्टीच्या दारात घुटमळत उभा राहिला आणि "फादर, जुनी पिकअप घेतोय, उद्या बघायला येता का?" असे विचारू लागला, तेव्हा आम्ही चकित झालो. गाडीतले आम्हाला काय कळते, मिस्त्रीला घेऊन जा, असे आम्ही सांगून पाहिले.

"मिस्त्री येतोच आहे. तुम्ही नुसते उभे राहा, फादर. तुमच्यासमोर काका खोटे बोलायचे नाहीत."

त्या एका वाक्यामुळे आम्ही जायला तयार झालो. खरे तर त्याच वाक्याने आम्ही सावध व्हायला हवे होते.

मुलाची परिस्थिती आम्हाला ठाऊक होती. वडील दोन वर्षांमागे वारले. वसईतील इतर कुटुंबांप्रमाणे याचीही लहानशी वाडी. तीत मोगरा, सोनचाफा आणि पालेभाजी. त्याचे आजोबा पहाटेच्या लोकलने टोपल्या दादरला नेत असत. आता माल टेम्पोने जातो आणि भाड्यातच निम्मा नफा विरघळतो. स्वतःची गाडी असली तर शेजारच्या चार वाड्यांचा मालही नेता येईल, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पिकअप म्हणजे छोट्या हत्तीहून मोठी आणि ट्रकहून लहान अशी, हजार-दीड हजार किलो माल वाहणारी मधल्या आकाराची गाडी. नवी घ्यायची ऐपत नाही. जुनीची किंमत ठरली होती सव्वाचार लाख. त्यातले तीन लाख पतपेढीचे कर्ज, उरलेल्या रकमेसाठी आईने बांगड्या गहाण ठेवलेल्या. विकणारे गृहस्थ आमच्याच धर्मग्रामातले, मुलाच्या वडिलांचे लांबचे नातलग, म्हणून 'काका'. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे पत्रे बदलून देण्याचे वचन याच गृहस्थांनी आम्हाला दिलेले होते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही तिघे त्यांच्या अंगणात पोहोचलो. गाडी धुऊनपुसून उभी. रंग ताजा, हौदा चकचकीत, आरशाला जपमाळ लटकलेली. मिस्त्रीने काही न बोलता हाताची पालथी बाजू बॉनेटला लावली आणि आमच्याकडे पाहिले. इंजिन गरम होते. आम्ही येणार म्हणून गाडी आधीच चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या दमात कसे उठते, उठताना धूर कोणत्या रंगाचा टाकते, यावर अर्धे निदान अवलंबून असते, हे त्याने आम्हाला पुढे समजावले. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर दाट असला आणि इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी. गरम करून ठेवलेल्या इंजिनाकडून यातले पुष्कळसे कळत नाही.

कागद मात्र चोख निघाले. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा नव्हता, विमा चालू होता आणि पासिंगची मुदत शिल्लक होती. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. म्हणून जुन्या गाडीची तारीख पाहताना पुढचा खर्चही पाहावा. मिस्त्रीने चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली आणि उमटलेले आकडे बुकाशी ताडून पाहिले. जुळले. मग तो गाडीखाली जाण्यासाठी पोते शोधू लागला, तोच काका हसून म्हणाले, "अहो, खुद्द फादर आलेत. आता आणखी काय तपासायचे? चला, चहा घ्या."

वाचकहो, येथे आम्ही जे केले ते लिहिताना संकोच वाटतो. आम्ही मिस्त्रीला म्हणालो, "राहू दे." आणि चहाला बसलो. पत्र्यांविषयी दोन गोडगोड गोष्टीही झाल्या. उठताना काकांनी पंचवीस हजार रुपये विसार मागितला. मुलाचा हात खिशाकडे गेला, तेवढ्यात आमच्या तोंडून कसे कोण जाणे, "उद्या" असा शब्द निघाला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. कारण जुने होते. २००४ साली डोंगरी भागातील एका धर्मग्रामात असताना वसतिगृहाचा तांदूळ आणण्यासाठी आम्ही अशीच एक जुनी गाडी घेतली होती. देणारे गृहस्थ परोपकारी म्हणून नावाजलेले. त्यांच्या गाडीखाली वाकून पाहणे आम्हाला असभ्यपणाचे वाटले. दुसऱ्या पावसाळ्यात उतारावर मागच्या पाट्यांचा आधार चेसिसपासून उचकटला आणि गाडी कलंडली. हौद्यात तांदळाच्या गोण्यांवर वसतिगृहाची दोन मुले बसली होती. एकाच्या गळपट्टीचे हाड मोडले, दुसरा खरचटण्यावर वाचला. मालवाहू गाडीत माणसे बसविणे कायद्याने गुन्हा आहे, तोही आमच्याच माथी. मोडलेल्या जागी गंजलेल्या जुन्या वेल्डिंगची रेघ उघड दिसत होती. गाडी घेण्यापूर्वी पाहिली असती तर तेव्हाही दिसली असती.

गोरेगावच्या सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवला गेला. तेराव्या शतकातील या विद्वानाने आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचाही विचार केला आहे. विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितलाच पाहिजे काय, हा त्याचा एक प्रश्न. त्याचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याला नुकसान किंवा धोका असेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याचा असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर तो बोलून दाखविण्याचे बंधन नाही. परीक्षेत हे उत्तर लिहून आम्हाला चांगले गुण मिळाले होते. मात्र दोष लपलेला की उघड, हे घेणारा कोठवर पाहतो यावरही ठरते. घेणाऱ्याने पाहूच नये म्हणून ज्याला मध्ये उभे केले जाते त्याचे काय, हा प्रश्न आम्हाला कोणी घातला नव्हता.

सकाळची साडेसहाची मिस्सा आटोपून, आगाऊ निरोप न देता, आम्ही मुलाला आणि मिस्त्रीला घेऊन पुन्हा त्या अंगणात गेलो. शाळेच्या प्रयोगशाळेतील लोहचुंबकही मिस्त्रीच्या सांगण्यावरून सोबत घेतले. काकांच्या कपाळावर आठी उमटली, पण किल्ली त्यांनी दिली.

इंजिन थंड होते. चावी फिरवताच उठले, धूर साफ. ऑईलची पट्टी काढून मिस्त्रीने ते बोटांत चोळून पाहिले. दुधट नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले नाही. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण सैल केले, तर आतून वाफेचे लोट आले नाहीत. इंजिनाबद्दल काकांनी जे सांगितले होते ते खरे होते, आणि तेही येथे नमूद करणे न्यायाचे आहे. मग पायाखालची मॅट उचलली, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बेल्टच्या न धुतलेल्या टोकावर गाळाची रेघ राहते, सीटखालचे रूळ गंजतात. येथे तसे काही नव्हते. हौद्याच्या कडेला मात्र दोन ठिकाणी चुंबक चिकटेना. तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली होती. टायरच्या कडेवरील अंडाकृती खुणेतले शेवटचे चार आकडे म्हणजे बनावटीचा आठवडा आणि वर्ष. चारांपैकी दोन टायर गाडीपेक्षाही जुने निघाले.

मग मिस्त्री पोत्यावर उताणा होऊन खाली सरकला आणि काही वेळाने म्हणाला, "फादर, तुम्हीच बघा. नाहीतर मी सांगितलेले कोणी मानायचे नाही."

पांढऱ्या झग्यानिशी आम्ही गाडीखाली गेलो. पिकअपचा सारा भार पुढून मागे जाणाऱ्या दोन पोलादी तुळयांवर असतो. इंजिन, केबिन, हौदा सर्व त्यांच्यावर बसवलेले. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, केबिन बदलता येते, पण चेसिस खचली की त्या गाडीवर भरवसा उरत नाही. मिस्त्रीने बॅटरीचा झोत टाकला. मागच्या पाट्यांमध्ये एका बाजूस दुसऱ्या बाजूपेक्षा एक पाटा अधिक, आणि तो कोरा. क्षमतेहून जास्त माल वाहिल्याची ही खूण. सबंध चेसिस मातकट, पण पाट्यांच्या आधाराजवळ हातभर लांबीचा भाग काळ्याकुळकुळीत ताज्या रंगाचा. त्याने हातोडीने तुळईवर टिचकी मारीत मारीत पुढे यायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण, आणि काळ्या रंगापाशी 'थप्'. पेचकसाने रंग खरवडल्यावर खाली वेल्डिंगची जाड वळी, आणि तिच्या शेजारून निघालेली केसासारखी नवी चीर. गंजाचा पापुद्रा सोलून आमच्या छातीवर पडला. त्याने तो नाकाशी धरला. "मासळी वाहिलीय हिच्यातून. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे चेसिसवर गळत राहिले."

काका तोवर गाडीपाशी येऊन उभे राहिले होते. खालून आम्हाला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

"पाचूबंदरहून मासळीचा धंदा होता काही वर्षे," ते म्हणाले. "वेल्डिंग करून घेतले. त्यानंतर दोन वर्षे चालली की. तुम्ही विचारले असते तर सांगितले असते."

आम्ही बाहेर आलो. काय बोलावे ते सुचेना. झग्यावर ऑईलचा हातभर पट्टा उमटला होता आणि मुलगा त्याच्याकडेच बघत होता. शेवटी आम्ही इतकेच म्हणालो की काल आम्ही विचारायला हवे होते आणि तुम्ही सांगायला हवे होते. काका पन्नास हजार कमी करायला तयार झाले. मुलाच्या डोळ्यांत क्षणभर लोभ चमकला. पन्नास हजारांत दोन बांगड्या सुटल्या असत्या. मिस्त्रीने त्याला बाजूला नेले. दर रात्री टनभर माल घेऊन महामार्गाने वरसावे पूल ओलांडायचा, आणि चेसिसची ही अवस्था. येथे घासाघीस करण्याजोगे काही नाही, असे त्याने त्याला खालच्या आवाजात सांगितले. बहुधा यापेक्षा कडक शब्दांत सांगितले असावे. मुलगा परत आला आणि काकांना हात जोडून म्हणाला, "नको, काका."

त्यानंतर पाच गाड्या पाहिल्या. त्यांचे वर्णन करीत नाही. एकीचा किलोमीटरचा काटा फार थोडे अंतर दाखवीत होता आणि क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सहावी गाडी विरारजवळ एका वीटभट्टीवाल्याकडे मिळाली. रंग उडालेला, दरवाजाला पोचा, आणि डावा हेडलाईट फुटून त्या जागी नुसती खोबण. मालकाने पहिल्याच भेटीत दोषांचा पाढा वाचला: क्लच प्लेट सहा महिन्यांत बदलावी लागेल, शॉकअप गेले आहेत, दिवा तर दिसतोच आहे. चेसिस गंजाळलेली, पण अखंड. हातोडीचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा आला. रेतीच्या पंचवीस गोण्या भरून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या चढावर नेली. रिकामी गाडी कोणतीही नीट चालते, म्हणून मिस्त्रीचा हा आग्रह. चढावर क्लच थोडा सरकला, मालकाने सांगितले होते तितकाच. पावणेचार लाखांना व्यवहार ठरला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि नाव बदलून आल्याशिवाय मालकाने शेवटचे दहा हजार घेतले नाहीत. नोंदीत नाव त्याचे असेपर्यंत अपघाताची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

नवा हेडलाईट बसवून झाल्यावर मुलाची आई गाडीला आशीर्वाद मागायला आली. पाणी शिंपडण्यापूर्वी आम्ही खाली वाकून एकवार चेसिस पाहिली, तेव्हा ती माऊली पदर तोंडाला लावून हसली.

ती दुसरी गाडी काकांनी पुढे विकली की काय, आम्हाला ठाऊक नाही. एकदा त्यांच्या घरी जाऊन, जो कोणी येईल त्याला ती चीर दाखवा, एवढे आम्ही सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतले, चहा मात्र विचारला नाही. ते मिस्साला येतात, पण आता मागच्या दाराजवळ बसतात. पत्र्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. धर्मग्राम समितीत त्याची विचारणा होते, तेव्हा आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळतो. या पावसात सभागृहात सहा बादल्या ठेवाव्या लागल्या. पहाटे अडीचच्या सुमारास धर्मगुरुनिवासावरून एक पिकअप दादरच्या दिशेने जाते. तिचे शॉकअप अजून बदललेले नाहीत, हे खिडकी मिटलेली असतानाही आम्हाला ऐकू येते.